हे रिव्हर, मे २०२२: मुखाशी अडलेला बर्फ आणि रात्री साडेअकराचा आदेश

पूर आला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, धरणातून किती क्युसेक सोडलं? पाणी जास्त म्हणून लेव्हल जास्त, हे गणित डोक्यात पक्कं बसलेलं असतं. उत्तरेकडच्या गोठणाऱ्या नद्यांच्या मुखाशी ते चालत नाही. तिथे वर आभाळ निरभ्र असतं, पाणी तेवढंच असतं, आणि लेव्हल तासाभरात पुरुषभर चढते, कधी तेवढ्याच झटक्यात उतरते पण. हे समजून घ्यायला मला कॅनडातल्या हे रिव्हर नावाच्या गावाचं प्रकरण सगळ्यात चांगलं वाटतं, कारण त्यात गाढवपणा कुणी केला असं बोट दाखवता येत नाही, बहुतेक निर्णय त्या त्या वेळी बरोबर होते आणि तरी गावाच्या मधोमध पाणी आलं. गावाचं नाव खरं आहे, माणसांची नावं आणि पदं मुद्दाम गाळलीत.

पार्श्वभूमी

हे रिव्हर हे कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधलं गाव, नदीचं नावही तेच. (यातला 'हे' म्हणजे वाळका चारा. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा 'हे' रिव्हर, मग 'ते' रिव्हर कुठलं, असं झालं होतं.) वस्ती तीन हजारांच्या थोडी वर. नदी ब्रिटिश कोलंबिया आणि अल्बर्टाच्या अंगाने निघते, साधारण ७०० किलोमीटर उत्तरेला वाहत येते, वाटेत ३२ मीटरचा अलेक्झांड्रा फॉल्स आणि त्याच्या खाली लुईझ फॉल्स असे दोन धबधबे, आणि शेवटी ग्रेट स्लेव्ह लेक. तलावाला मिळताना ती फुटते, एक ईस्ट चॅनेल, एक वेस्ट चॅनेल, आणि मधे व्हेल आयलंड. जुनं गाव या बेटावर. पूर्व काठावर कात्लोदीचे फर्स्ट नेशन ही डेने या मूळ रहिवासी लोकांची वस्ती, ती वेगळी, तिचा कारभारही वेगळा.

१९६३ च्या वसंतात बर्फ अडून मोठा पूर आला आणि सगळं गाव खाली करावं लागलं. मग ठरलं की गाव हलवायचं, नदीच्या वरच्या अंगाला न्यू टाउन वसवलं, आणि पूर्व काठावरची डेने वस्तीही मुखापासून वर सरकली. पण जुनं गाव पुरतं सुटलं नाही. विमानतळ बेटावरच राहिला, मालवाहू बार्जचा धक्का तिथेच, मासेमारी करणारे वेस्ट चॅनेलच्या काठी. ज्याचं पोट पाण्यावर तो घर उंचावर नेऊन काय करणार? त्यामुळे साठ वर्षं गावाच्या डोक्यात एक रेघ आखली गेली: बेट धोक्याचं, न्यू टाउन सेफ. आणि ती रेघ बऱ्याच वर्षांनी खरीही ठरवली, २००८ सारख्या पुरात मार बसला तो बेटाकडच्या भागालाच.

बर्फ अडतो कसा

मूळ घोळ दिशेचा आहे. नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, वरच्या अंगाला वसंत आधी पोचतो, तिथला बर्फ आधी वितळतो, आणि ते पाणी खाली अशा ठिकाणी येतं जिथे हिवाळा अजून मुक्काम ठोकून बसलाय. ग्रेट स्लेव्ह लेक उत्तर अमेरिकेतला सगळ्यात खोल तलाव, ६१४ मीटर, त्याला ऊब यायला वेळ लागतो आणि नदी सुटते तेव्हा त्याच्यावरची लादी अजून अखंड असते.

वरून पाणी चढलं की नदीवरचा बर्फ काठापासून सुटतो, तुकडे होतात, आणि लाद्या एकमेकींवर आपटत खाली यायला लागतात. मुखाशी काय असतं? उतार संपलेला, वेग मंदावलेला, पात्र दोन फाट्यांत वाटलेलं, आणि समोर तलावाची न हलणारी लादी. पहिली रांग थांबते, मागची तिच्या खाली घुसते, तिसरी वर चढते, आणि थोड्याच वेळात वाकड्यातिकड्या तुकड्यांचा एक ढीग पात्रात बसतो जो बांध म्हणून कोणी बांधलेला नसतो पण काम तेच करतो. यालाच जॅम म्हणतात. पाणी थांबत नाही, त्याला फटींतून आणि खालून जावंच लागतं, फक्त आता तळाबरोबर वरूनही घासत जायचं असतं. नुसतं सपाट झाकण बसलं तरी तेवढंच पाणी न्यायला साधारण ३० टक्के जास्त खोली लागते, लादीची जाडी वेगळी. जॅमची खालची बाजू तर दगडगोट्यांचा ढीग उलटा टांगल्यासारखी खडबडीत, तिथे हा हिशेब कुठल्या कुठे जातो. म्हणून पाणी न वाढता लेव्हल वाढते.

दोन गोष्टी आणखी. एक, ईस्ट चॅनेल अडला की पाणी वेस्टकडे वळतं, तोही अडला की बेटावरून वाट काढतं. दुसरी, जॅम सुटणं हीसुद्धा निव्वळ चांगली बातमी नसते, मागे साठलेलं पाणी एकदम सुटतं, खालचा धड बर्फ उखडत नेतं आणि पुढच्या वळणावर नवा जॅम बसवतं. वरचे सुटले म्हणून हुश्श करतात तेव्हा खालच्यांची पाळी सुरू होते.

हे दरवर्षी होतं का, तर नाही. ऊन हळू हळू वाढलं, बर्फ जागच्या जागी काळवंडून पोकळ झाला, आणि वरून पाणी बेताने आलं तर नदी गुपचूप मोकळी होते. बर्फ टणक असताना पाणी जोरात आलं की मग तमाशा.

अडचण

२०२२ च्या हिवाळ्यात खोऱ्यात बर्फ भरपूर होता. २०२० मधे तलावाने लेव्हलचा विक्रम केला होता, आदल्याच वर्षी मे २०२१ मधे फोर्ट सिम्पसन आणि जीन मेरी रिव्हर या वस्त्यांना असाच दणका बसला होता, तेव्हा यंदा जपून राहा हे कुणाला वेगळं सांगायची गरज नव्हती. त्यात मेच्या पहिल्या आठवड्यात, बर्फ सुटायच्या ऐन मोक्यावर, खोऱ्यात पाऊस आणि बर्फ दोन्ही पडले. म्हणजे वितळणारं पाणी होतंच, त्यावर ताजं पाणी.

जबाबदारीच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या जागी बसून बघा. तुमच्याकडे गेज आहे, पण बर्फ असताना गेज फक्त त्या जागची लेव्हल सांगतो, नेहमीच्या तक्त्यावरून फ्लो काढता येत नाही कारण तो तक्ता मोकळ्या नदीसाठी बनवलेला. बर्फाच्या लोंढ्यात गेजच उखडून जाऊ शकतो. युनिव्हर्सिटी ऑफ अल्बर्टाच्या लोकांनी या मुखावर बरीच वर्षं अभ्यास केलाय, मॉडेल आहेत, पण जॅम नेमका कुठल्या वळणावर बसेल आणि किती वेळ टिकेल हे मॉडेल तासाच्या हिशेबात सांगू शकत नाही. पूररेषेचे नकाशे कित्येक दशकं जुने. आणि जॅम बसल्यावर तुमच्या हातात दिवस नसतात, तास असतात, कधी तेही नाही.

पर्याय काय होते

बॉम्ब टाका, हे कुणीतरी म्हणतंच. रशियात २००१ च्या मे महिन्यात लेना नदीवरच्या जॅमवर सुखोई विमानांनी बॉम्ब टाकले होते, लेन्स्क गाव तरीही बुडालंच. मुद्दा साधा आहे, फोडलेला बर्फ जाणार कुठे? पुढे तलावाची लादी तशीच आहे, जॅम इथून उचलून तिथे नेल्यासारखं होतं, आणि जवळ वस्ती असेल तर स्फोटाचं काय ते वेगळंच.

आधीच बर्फ कापून कमजोर करणं, हा जास्त शहाणा पर्याय. मॅनिटोबातली रेड रिव्हरही उत्तरेला वाहते आणि लेक विनिपेगला मिळते, म्हणजे दुखणं तेच. तिथे सेलकर्कच्या खालच्या अंगाला हिवाळा संपता संपता बर्फात करवतीने चिरा पाडतात आणि मग अँफिबेक्स नावाची, निम्मी होडी निम्मा जेसीबी अशी मशिनं तो फोडत जातात. पण ते काम वसंताच्या आधी करायचं, पैसे आधी मंजूर व्हायला हवेत, आणि मे उजाडल्यावर हे सुचून उपयोग नाही.

बांध घालणं. जेम्स बेच्या किनाऱ्याजवळ अल्बनी नदीच्या मुखाशी कॅशेचेवान नावाची वस्ती आहे, तिला बांध आहे, तरी बर्फ सुटायच्या वेळी लोकांना वर्षामागून वर्षं विमानाने हलवावं लागतं. बांध असला की लोक निर्धास्त होतात, आणि पाणी एकदा वरून आत आलं की तोच बांध ते बाहेर जाऊ देत नाही.

कायमचं हलणं. मॅकेन्झी डेल्टातल्या अक्लाव्हिकची गोष्ट इथे सांगायलाच हवी. पूर आणि काठाची धूप बघून १९५० च्या दशकात सरकारने थोडं लांब इनुविक हे नवंकोरं गाव बांधलं आणि म्हटलं चला. बरेच गेले, बरेच गेले नाहीत, आणि राहिलेल्यांनी 'नेव्हर से डाय' हे ब्रीदवाक्य करून टाकलं. २००६ मधे तिथे पुन्हा पूर आला, गाव अजून तिथेच आहे. माणूस घर सोडतो म्हणजे फक्त चार भिंती सोडत नाही हे आपल्याकडच्या धरणग्रस्तांना विचारा.

राहिलं ते नजर ठेवणं आणि लोकांना वेळेवर बाहेर काढणं. त्यातही दोन रस्ते. एक, रेघेप्रमाणे टप्प्याटप्प्याने, आधी बेट आणि पूर्व काठ, मग गरज पडली तर पुढे. दुसरा, अंदाज वाईट आहे म्हणून सगळं गाव आधीच बाहेर. दुसऱ्याची किंमत उघड आहे: तीन हजारांवर माणसं, त्यात म्हातारी, आजारी, लहान मुलं, आणि पाणी आलंच नाही तर पुढच्या वर्षी तुमचं कोणी ऐकणार नाही.

इथे थोडं भरकटतो, पण महत्त्वाचं आहे. जॅम म्हणजे शत्रू, तो कायमचा बंद करा, असंही नाही. मॅकेन्झी डेल्टात हजारो छोटे तलाव आहेत, त्यातले बरेचसे नदीपेक्षा उंचावर, आणि त्यांना पाणी मिळतं ते बर्फ अडून नदी काठाबाहेर पडली तरच. अल्बर्टातल्या पीस-अथाबास्का डेल्टात तर लोकांची तक्रार उलटी आहे, जॅमचे पूर कमी झाले, तलाव आटले, मस्कऱ्हॅट नावाचे पाणउंदीर गेले. १९६८ मधे पीस नदीवर झालेल्या बेनेट धरणाने हे केलं की हवामानाने, यावर तज्ज्ञांचं आजही एकमत नाही. म्हणजे ज्या पाण्याने गावाची बेसमेंट भरते त्याच पाण्यावर वीस कोस लांबचा शिकारी जगतो.

काय केलं

निवडला तो टप्प्याटप्प्याचा रस्ता. ७-८ मेच्या शनिवार-रविवारी पूर्व काठावरची डेने वस्ती आणि व्हेल आयलंड रिकामं करायला सांगितलं. पूर्व काठावर पाणी घुसलं, घरं गेली. इथवर सगळं रेघेप्रमाणे.

मग आले ते मधले दिवस, आणि मला हे प्रकरण वाचताना सगळ्यात अस्वस्थ करतात ते हेच. नदी निम्मी सुटलेली, निम्मी अडलेली. वरून अजून बर्फ आणि पाणी येणं बाकी. बेटावरचे लोक न्यू टाउनमधे नातेवाइकांकडे, मित्रांकडे उतरलेले, म्हणजे धोक्यातून सुटून सेफ जागी आलेले, निदान तसं सगळे धरून चाललेले. रोज बुलेटिन, रोज पुलावरून नदी बघणं, आणि प्रत्येक दिवस धड गेला की उद्याही जाईल असं वाटायला लागणं.

बुधवारी, ११ मेच्या रात्री साडेअकराच्या सुमाराला सगळ्या गावाला निघायचा आदेश आला. मेमधे तिथे सूर्य मावळतोच दहा वाजता, त्यामुळे आकाशात अजून संधिप्रकाश असणार, पण माणसं झोपायच्या तयारीत. गावाबाहेर पडायचा रस्ता एकच, दक्षिणेला एन्टरप्राइज गावाच्या दिशेने. निघा, म्हणजे पेट्रोल किती आहे ते बघा, औषधं घ्या, कुत्रा गाडीत घाला, शेजारच्या आजींना उठवा आणि त्या एका रस्त्याला लागा. बरेच लोक टेरिटरीजची राजधानी यलोनाइफपर्यंत गेले, तिथे निवाऱ्याची सोय होती, अंतर जवळपास ४८० किलोमीटर. आणि हे जमलं कारण मधल्या मॅकेन्झी नदीवर २०१२ च्या नोव्हेंबरमधे डेह चो ब्रिज सुरू झाला होता. त्याच्या आधी बर्फ सुटायच्या दिवसांत ना बर्फाचा रस्ता चालायचा ना फेरी, यलोनाइफला गाडीने जाताच यायचं नाही. पूल बांधताना खर्चावरून केवढी बोंबाबोंब झाली होती.

काय झालं

पाणी न्यू टाउनमधे आलं, थेट बाजारपेठेच्या भागात. गावाच्या बऱ्याच वर, नदीच्या दरीत पॅरडाइज गार्डन्स म्हणून भाजीपाल्याच्या मळ्यांची जागा आहे, तीही बुडाली, म्हणजे मुखापासून लांब आहोत म्हणून सुटलो असंही झालं नाही. नुकसानीचा आकडा १७ कोटी कॅनेडियन डॉलरच्या वर गेला. माणसं वेळेत बाहेर पडली, ही या सगळ्यातली मोठी गोष्ट.

बर्फाचा पूर ओसरतो तेव्हा मागे काय ठेवतो हे आपल्याला पटकन डोळ्यासमोर येत नाही. आपल्याकडे चिखल राहतो. तिथे चिखल राहतोच, शिवाय गाडीएवढ्या लाद्या अंगणात, रस्त्यावर, घराच्या पायरीला टेकून पडतात आणि पाणी गेल्यावरही हलत नाहीत, लोडर आणून ढकलाव्या लागतात नाहीतर उन्हाने वितळायची वाट बघावी लागते. लादी नुसती तरंगत येत नाही, मागच्या बर्फाचा रेटा घेऊन येते, शेड जागेवरून सरकते, तेलाची टाकी उलटते, आणि मग बेसमेंटमधल्या पाण्यावर हीटिंग ऑइलची तवंग. खाली फर्नेस, गिझर, विजेचा बोर्ड, आणि डीप फ्रीजर, ज्यात वर्षभराचं मूस या मोठ्या हरणाचं मांस आणि मासे. त्या फ्रीजरची भरपाईच्या फॉर्ममधे किंमत काय लिहिणार? भिंतीत इन्सुलेशन असतं, ते ओलं झालं की बुरशी धरतं, सगळं उकरून काढायचं आणि पुन्हा भरायचं, आणि हे काम सप्टेंबरच्या आत, कारण मग थंडी.

निर्णय कुठे कुठे अडले

माझ्या मते खरा निर्णय ११ तारखेच्या रात्री झालाच नाही, तो आठवड्याच्या सुरुवातीला झाला, बेटावरच्या लोकांना कुठे पाठवायचं या प्रश्नात. त्यांना गावातच राहू दिलं ते स्वाभाविक होतं, पण त्यामुळे चार दिवसांनी त्याच लोकांना दुसऱ्यांदा हलावं लागलं, आता सगळ्या गावाबरोबर, रात्री, एका रस्त्याने. म्हातारी माणसं, आजारी, गाडी नसलेले, एवढ्यांना जरी शनिवारीच आणखी दक्षिणेला नेलं असतं तरी बुधवारची रात्र पुष्कळ हलकी गेली असती. पाणी आलं नसतं तर चार दिवस उगाच घालवले म्हणून शिव्या पडल्या असत्या, तेवढंच.

दुसरी जागा ती रेघ. न्यू टाउन १९६३ चा पूर बघून वसवलं, म्हणून ते १९६३ पेक्षा मोठ्या पुरातही कोरडं राहील असं कोणी लिहून दिलं नव्हतं, पण दोन पिढ्या तिथे बेसमेंट खणून राहिल्यावर तसं वाटायला लागतं. जॅमचा पूर पाण्याच्या प्रमाणावर चालतच नाही, त्यामुळे शंभर वर्षांचा पूर वगैरे भाषा इथे फार जपून वापरावी लागते. बर्फ मुखाशी न अडता जरा वर, गावाच्या शेजारी अडला की रेघेची उंची बदलते. जुन्या नकाशाऐवजी 'जॅम इथे बसला तर पाणी इथवर' अशा तीन-चार वेगवेगळ्या चित्रांवर आधी सराव झाला असता तर आदेश साडेअकराऐवजी संध्याकाळी सहाला निघाला असता का? मला वाटतं निघाला असता. अर्थात हे मी घरात बसून, दोन वर्षांनंतरचं सगळं माहीत असताना म्हणतोय.

तिसरी, कारभार दोन. नदी एक, काठ दोन, एकावर गावाची कौन्सिल, दुसऱ्यावर फर्स्ट नेशनची. आदेश वेगळे निघतात, निवारे वेगळे ठरतात, भरपाईचे पैसे वेगळ्या खिशांतून येतात. बर्फाच्या दिवसांपुरता तरी नदीवर नजर ठेवणारा गट एकच आणि सांगणारा आवाज एकच असावा, याला विरोध कोण करेल कळत नाही, पण कागदावर ते करायला उन्हाळा लागतो आणि उन्हाळ्यात सगळे भिंती उकरत असतात.

बर्फ आधी कापायचा पर्याय मी फेकून देणार नाही, पण रेड रिव्हरवर चालतो म्हणून इथे चालेलच असंही म्हणणार नाही. वरून धबधब्यांखालच्या अरुंद दरीतून लोंढा येतो तो किती जोराचा, यावर सगळं अवलंबून.

आणि बेटावर पुन्हा घरं बांधू द्यायची का, हा प्रश्न १९६३ ला होता तसाच २०२२ लाही उरला. दुरुस्तीची कामं अजून चालू असतानाच मे २०२३ मधे जंगलाच्या वणव्यामुळे पुन्हा सगळ्यांना निघावं लागलं, आणि ऑगस्टमधे तिसऱ्यांदा. त्या खेपेला ज्या एन्टरप्राइजच्या दिशेने लोक पुरात पळाले होते, ते एन्टरप्राइज गावच जवळजवळ सगळं जळून गेलं.